चाळीस मिनिटं गाडी बंद करू नका

यवतमाळच्या सर्व्हिस सेंटरात
प्रणोती डहाके नावाची पोरगी पेन ड्राइव्ह खोचते
आणि म्हणते, काका, चाळीस मिनिटं गाडी बंद करू नका,
मधेच बंद पडली तर स्क्रीन कायमची काळी.
साडेतीन हजार आधीच मोजून घेतलेत.

गाडी सेकंडहँड. पुण्याच्या कोणा लिमये बाईंची.
नकाशा आठ वर्षांमागचा, आणि त्यात घर त्यांचंच.
'घरी चला' चुकून दाबलं गेलं की दारव्ह्याच्या चौकात
काचेमागची बाई न चिडता सांगायची,
उजवीकडे वळा, सहाशे बारा किलोमीटर.

दोन टक्के.

नवा हायवे झाला तेव्हापासून
आमचा बाण रस्त्यानं चालतच नाही.
चाकांखाली डांबर, स्क्रीनवर कोरं रान,
त्यात एकटाच निळा बाण
ऐंशीच्या स्पीडनं पऱ्हाटीतून, तुरीतून,
उकंडराव गोडेंच्या विहिरीवरून सरळ.
गोडे मागच्या सीटवरून वाकून बघत होते. म्हणाले,
"हळू घे लेका, दांडात पाणी सोडलं हाय."
विहीर बुजली त्याला पाच वर्षं झाली.
मी हळू घेतली.

एकोणीस.

एका रात्री कुमऱ्याच्या बायकोला कळा सुटल्या.
बाई म्हणाली सरळ, दीडशे मीटरवर पूल.
पूल श्रावणातच वाहून गेलेला,
मला कुठून माहीत, मी त्या अंगाचा नव्हे.
मागून सासू ओरडली, "तिले का मालूम!
चिचेपासून डावीकडं घे, पांदणीनं."
मी ब्रेक दाबला. हेडलाइटात चिंच शोधली.
कडेला नुसता चुन्यानं रंगवलेला दगड.
"चिच कुठी हाय, माय?"
"कापली ना बाप्पा, रस्ता रुंद केला तवा.
वळन तर तिथंच हाय!"

घातली पांदणीत. गाळ, बाभळी,
धुऱ्यावरून घसरलेले गोटे,
आणि बाईचं एकच, शक्य तिथे यू-टर्न घ्या,
शक्य तिथे यू-टर्न घ्या.
शेवटी सासूनं पदर टाकला स्क्रीनवर.
पोरगी दिग्रसच्या अलीकडं, गाडीतच झाली.
सीटकव्हरचे पैसे कुमऱ्यानं दिले नाहीत,
मी मागितले नाहीत.

छप्पन्न. प्रणोती चहा आणून ठेवते.

बसल्या बसल्या वाटतं, त्या बाईचं तरी काय चुकलं?
आमचे नकाशे कुठे नवे आहेत?
बंद पडलेल्या जिनिंगपासून उजवीकडं,
वारलेल्या डॉक्टरच्या दवाखान्यासमोर,
एसटी थांबायची तिथून चार घरं सोडून.
असंच सांगतो आम्ही,
आणि पाहुणा पोचतो.
फक्त पाहुण्याला आधी सगळं माहीत पाहिजे.

शंभर.

हायवे उगवला. बाण डांबरावर आला.
गोड्यांच्या वावरातून आता बाण जाणार नाही,
हे त्यांना सांगावं की नाही, बघू.
कुमऱ्याकडचा पूल मात्र साबूत दाखवतो,
पांदण नाहीच.
"ते पुढच्या अपडेटला येईल, काका."
पुढच्या अपडेटचे वेगळे साडेतीन हजार.

"जुनं घर पुसू ना?"
पूस, म्हणतो.
म्हणून झाल्यावर उगाच बरं वाटत नाही,
लिमये बाईंचं कोण लागून गेलो मी.

"तुमचं गाव?"
"पिंपरी."
ती टाइप करते. यादी उघडते.
पिंपरी, पिंपरी, पिंपरी, अशा नऊ.
"यातली कोणती?"
"टाकीवाली नाही. नाल्यापलीकडची नाही.
टॉकीजवाली."
"तिथं टॉकीज आहे?"
"तंबूतली. एकच उन्हाळा आली होती,
मी जन्मायच्या आधी."

प्रणोतीचं बोट नऊ पिंपऱ्यांवर तसंच.
गाडी अजून चालूच आहे.