टोकाची गाठ

पहिला महिनाभर खडक पाहिलाच नाही आम्ही.
बाड शांडाऊला, रोस्विथा मेनर्टच्या स्वयंपाकघरात
टेबलाच्या पायाला दोर बांधायचा,
सोडायचा, परत बांधायचा.
खिडकीखालून एल्ब वाहत राही,
चहावर साय धरे.

ती म्हणायची, गाठींच्या जाती दोनच:
ओढली की सुटणारी, ओढली की आवळणारी.
सुरगाठ बुटाला. निरगाठ जिवाला.
मग दिवा मालवायची.
अंधारात घाल आठाची गाठ, बोटांनी वाच तिला,
दोन्ही पदर शेजारी शेजारी,
एकावर एक चढलेले नकोत,
शेपूट वीतभर उरलेलं.
सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाराखडी गिरवत होते.

ट्राम चालवते मी, ड्रेसडेनमध्ये, एकोणीस वर्षं.
ब्रेकवरचा हात काढायचा नाही
हे मला वेगळं सांगावं लागत नाही.
तरी तिनं सांगितलं:
खालचा हात दोराचा धनी.
नाकावर माशी बसली तर वरच्या हातानं हाकल.

आमचा दगड वाळूचा, मऊ.
धातू ठोकला की ओरखडा राहतो, म्हणून
फट जिथे निमुळती होते तिथे दोरीचीच गाठ कोंबायची
लाकडी चपटीनं,
आणि तिच्यावर भार टाकून पाहायचा.
पाऊस पडून गेला की दोन दिवस हात लावायचा नाही.
ओला दगड खोटं बोलतो.

एक गोष्ट मात्र ती हळू आवाजात सांगायची:
उतरण्याआधी दोराच्या दोन्ही टोकांना गाठ.
तिच्या पडद्याच्या दोरीलाही होती, पिठाच्या पिशवीच्या नाडीलाही.
कपाटावर एक पिवळट दोर गुंडाळलेला,
त्याची टोकं तेवढी मोकळी.
मी विचारलं नाही.

मे महिन्यातल्या एका कोरड्या रविवारी
म्युलरिन नावाच्या सुळक्यावर, अठ्ठावीस मीटर,
आम्ही दोघी आणि एक पत्र्याची पेटी,
पेटीत वही, वहीला बांधलेली पेन्सिल.
नावं लिहिली. अंगठ्याएवढ्या जाड कडीतून दोर ओवला,
गाठी मारल्या, टोकं खाली सोडली.
‘तपास मला,’ ती म्हणाली.

बक्कल. पट्टा. दोर.
कॅराबिनरचा स्क्रू उघडा होता.

ती सत्तरीची. मी कालची.
शब्द जिभेवर आला आणि तिथेच बसला.
‘तुमचा स्क्रू,’ मी म्हटलं.

तिनं खाली पाहिलं. सावकाश फिरवला, पूर्ण.
‘चार श्वास घेतलेस बोलायला.
पुढच्या वेळी एकही नको.’

मुद्दाम उघडा ठेवला होता, की वय,
मी अजून विचारलेलं नाही.

मग पाठ मोकळ्या हवेला देऊन
खुर्ची नसलेल्या जागी मी बसले.
गुडघे माझे नव्हते.
हात मात्र होता, खालचा,
एकोणीस वर्षांचा, कामावर असल्यासारखा.
दगड नाकासमोरून वर जात राहिला,
दाणेदार, ऊन पिऊन उबदार.

खाली ब्ल्यूबेरीच्या झुडपांत पडल्या होत्या
दोन्ही गाठी, आज कुणाच्याच कामी न आलेल्या.
त्या सोडल्याशिवाय दोर वरून ओढता येत नाही.
एक चटकन सुटली.
दुसरीला नखं लावावी लागली.
रोस्विथा उतरून शेजारी उभी होती,
मदत न करता.