हजेरी

घणसोली गावठाणात, ओट्यापुढे, जीपखाली पुठ्ठा.
त्यावर रोज सकाळी एक काळा ठिपका.
"गळती नाय ती, हजेरी हाय," धर्माकाका म्हणायचे.

आज गिअरबॉक्स उतरवून विटांवर ठेवला,
फ्लायव्हील गोणपाटावर.
मागचं सील उचकटलं:
नखासारखं कडक, ओठ झिजलेला.

नवं वाशीहून आणलेलं, दोनशे दहाला.
"ओठाला तेल लाव आधी,
कोरडं घातलंस तर पयल्याच फेरीत जळंल."

हातोडी घेतली, तर एका बाजूने शिरतं,
दुसरीकडून उठतं.
काकांनी केराच्या डब्यातून
जुनं सील काढलं, पुसलं,
नव्यावर पालथं धरलं.
"आता ठोक. याच्यावर."

सकाळी पुठ्ठा कोरडा.
काका तरी बराच वेळ वाकून,
कोण आलं नाही ते बघत.