खाडा

इतवारीच्या रद्दीत किलोनं मिळालं
मिलचं हजेरीबुक.
गोमाजी निनावे, विणाई खातं, बिल्ला एकशे बारा.
नावापुढे लाल शाईचे सात खाडे,
सातही शनिवार.

म्हणजे कस्तुरचंद पार्कावर
बाबा अनवाणी धावत होता
बूटवाल्या पलटणीसमोर,
रोजी कापून घेऊन.
गोल किती, कुणी लिहिलं नाही.

एक कप होता घरी, कान तुटका.
आई त्यात मीठ ठेवायची.

गुडघा फुटला, बुकातलं नावही खोडलं,
मग टांडापेठेत घरचाच माग.
पावडीवर उजवा पाय
मधेच जोरात पडायचा,
धागा तुटायचा.

"कावून जी?"
"पास आला होता वं,
सोडवला नाही."