पाणसळ

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंती तपासल्या.
शेफील्डमध्ये, जिथे सपाट असं काही नसतंच,
रस्ता चढतो नाहीतर उतरतो,
आणि घरं खांद्याला खांदा लावून
टेकडीवरून घसरायचं टाळत उभी असतात.
ओळंबा सोडायचा, दोरी थांबेपर्यंत श्वास धरायचा.
काचेतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला
की सही.

आता बुडबुडा माझ्या डोक्यात आहे
आणि तो मध्ये येत नाही.

फिजिओची कॅथ म्हणते, पाय जुळवून उभी राहा. राहते.
डोळे मीट.
मिटले की खोली एका बाजूने उचलली जाते,
कॅथचे हात आधीच तयार असतात.
म्हणून घरी देव्हाऱ्यापुढे
मी डोळे उघडे ठेवून नमस्कार करते,
तोही एका हाताने.
दुसरा कपाटाला.
गणपती समजून घेईल.
तो तर बसूनच असतो.

पहाटे मात्र पाय माझ्याआधी उठतो.
डावा.
पोटरीत कुणीतरी सळई पिळतं,
गुडघा लाकडाचा, बोटं आत वळलेली.
मोरेश्वर अर्धवट झोपेत तळवा वर दाबून धरतो,
कणीक मळल्यासारखा, न बोलता,
आणि परत घोरायला लागतो.
थंडीत जास्त. फेब्रुवारीत तर
पाय मला ओळखही देत नाही.
टेबलाखाली टाच आपली आपण ताल धरते,
टकटकटकटक,
पाहुण्यांना वाटतं, त्यांनी आता निघावं.

बसस्टॉपवर एक बाई म्हणाली, सकाळी दहालाच?
मी म्हटलं, हो, आज जरा उशीरच झाला.
घरी येईपर्यंत हसत होते.
बूट काढताना रडले,
पण ते नाडीच्या गाठीमुळेही असेल.

ऑक्टोबरात गोळी वाढवली.
पाय सैल झाला, उकडलेल्या रताळ्यासारखा,
रात्रभर सुखाने पडून राहिला
आणि सकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
मला सोडून गेला.
तिथे कोपर चोळत बसले असताना आठवलं
साइटवर नव्या पोरांना मी काय सांगायचे:
परांची कुरूप असते, वाट अडवते,
पण आतलं काम कच्चं असेल तर
तिला हात लावायचा नाही.
हा ताठरपणाच मला उभं धरत होता.
ज्याला रोज शिव्या घातल्या, तोच.
आता गोळी अर्धी.
थोडं दुखणं शिल्लक ठेवते,
उभं राहण्यापुरतं.

आई फोनवर विचारते, बरी आहेस ना?
लहानपणी तिचं एकच पालुपद,
स्वतःच्या पायावर उभी राहा.
हो, म्हणते मी, आणि खुर्ची ओढते.

काल शेजारच्या मिस्टर हॅटर्स्लींनी न विचारता
आमच्या तीन दगडी पायऱ्यांना कठडा बसवला.
सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, गुडघे त्यांचेही कुरकुरतात.
मी आतून माझी जुनी पिवळी पाणसळ आणली,
खालच्या खांबाला टेकवून पाहिली.
बुडबुडा रेघेबाहेर, भाताच्या शिताएवढा.
कुणालाही दिसलं नसतं.
ते बघत होते, आभारांची वाट पाहत असावेत.
काढा, म्हटलं मी. परत लावा.
कुठून आला तो आवाज, तीन वर्षांनी!
त्यांनी टोपी मागे सारली
आणि स्क्रू सोडवायला बसले.
मी खांब धरून ठेवला.
खाली टाचेची टकटक चालूच,
तिच्याबरोबर खांब, खांबाबरोबर बुडबुडा.
हलू नका, ते म्हणाले,
आणि कानापर्यंत लाल झाले.
मला इतकं हसू आलं
की त्यांनाच मला धरावं लागलं.

काम झाल्यावर चहा केला.
कप हल्ली मी अर्धेच भरते.
त्यांनी तीनदा घेतला.