अकरा बाय

व्हिसावर अयमन हमदुले मदतनीस आहे,
नागेश थिटे स्टोअरकीपर,
आणि जसील फोर्कलिफ्ट चालवतो.
फोर्कलिफ्टची किल्ली त्याने अजून पाहिलेली नाही.
हे कागद मी टाइप केलेत,
रुवीत, दुसऱ्या मजल्यावर,
एसीच्या थेंबाखाली बादली ठेवून.

कंपनी टाइल्स विकते आणि चार संघ पाळते,
एफ, डी, सी, बी.
ए आमच्याकडे नाही. ए म्हणजे हिरवळ,
रात्रीचे दिवे, बघायला आलेली माणसं.
आम्हाला वाडी कबीरच्या पलीकडचं मैदान:
सिमेंटची पट्टी, वर चटई, चटईला खिळे,
भोवती डोंगर, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखे.
शुक्रवारी पहाटे साडेपाचला व्हॅन.
मी स्कोअरर. कुणी नेमलं नाही.
इतक्या पुरुषांत बाईने बसायचं कुठे,
हा प्रश्न टेबलाने सुटतो.

हमदुले दाभोळचा, एकोणिसाचा, डावखुरा.
खाडीच्या गाळात धावून शिकलाय,
वाळूत त्याचा पाय रुतत नाही.
चेंडू सोडताना जीभ बाहेर येते,
अक्षर गिरवणाऱ्या पोराची येते तशी.
तीन वर्षं काढ, देशाकडून खेळशील,
असं मुकादमसाहेबांनी सांगितलंय.
कोणत्या देशाकडून, हे त्याने विचारलं नाही.
दिवस मात्र माझ्याकडून मोजून घेतो.
"मॅडम, किती झाले?"
चारशे बारा.
"सुट्टीवर गेलो तर?"
तर ते दिवस धरत नाहीत रे.
बहिणीचं लग्न त्याने फोनवर पाहिलं,
दोन डावांच्या मध्ये, पाण्याच्या ड्रमला टेकून.
अंपायरने हाक मारली तेव्हा निकाह अर्ध्यात होता.

थिटे बार्शीचा. तो वरून खाली आलाय,
बी, मग सी.
एकतीस वर्षांचा, पासपोर्टप्रमाणे.
यष्टीमागे बसताना "आई गं" म्हणतो,
उठताना काहीच म्हणत नाही.
पोराचा चेंडू आत येणार असेल
तर पोरगा रनअपची दोन पावलं खातो.
फलंदाजाला हे दिसत नाही, थिटेला दिसलं.
एका रात्री, खोलीत मसूर शिजत असताना,
त्याने ते पोराला सांगितलं.
पुढच्या शुक्रवारी पाच विकेट.
मी लाल शाईने लिहिल्या,
नियमात बसत नाही तरी.

काल दोन पत्रं टाइप केली.
मजकूर फाइलमधलाच. नाव बदलायचं, तारीख बदलायची,
एकात बढती, एकात कार्यमुक्त.
प्रिंटरमधून दोन्ही एकमेकांना चिकटून आली,
गरम.

थिटे सहीला आला. पत्र वाचलं नाही.
म्हणाला, "स्कोअरबुक आहे का इथे?
यंदा बाय किती दिले मी?"

आमच्या गुहागरात बाय म्हणजे
लाडाने हाक मारलेली मुलगी.
इथे बाय म्हणजे
कुठल्याच बॅटच्या नावावर न चढलेली धाव.
मी पानं उलटली. एक. दोन. मग एकदम चार.
अकरा, म्हटलं. पण चार तर
चेंडू खिळ्यावर पडून उडाला त्याचे,
ते तुमचे नाहीत.

त्याने डोळे मिटले,
एकेक शुक्रवार मागे गेला असावा.
"खिळा नव्हता तिथे," म्हणाला.
"मी पोराच्या पायाकडे बघत होतो.
चेंडूकडे नाही."
मग सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

नव्या यष्टिरक्षकाचा कागद आज आलाय.
माळी.
टाइल्सच्या कंपनीत माळी.
मी काही विचारलं नाही.
उद्यासाठी पेन्सिलीला टोक काढलं,
आणि अकरावर रबर ठेवून
तसाच उचलला.