शंभरातून सात

छेडानगरच्या सोसायटी हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी
कॅरमचे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवतात
आणि फरशीवर पिवळी चिकटपट्टी ओढतात,
या दारापासून त्या खिडकीपर्यंत.
तेवढीच माझी वाट. पंधरा पावलं.
हातात स्टीलचा पेला, काठोकाठ.

"काकू, शंभरातून सात सात वजा. आणि थांबायचं नाही."
झैनब सत्तावीस वर्षांची. कुर्ल्याहून स्कूटरवर येते,
हेल्मेटच्या आत कुणाशी तरी फोनवर भांडत.
तिच्या हातात कुणी पेला देत नाही.

मी पडले ती आजारी होते म्हणून नव्हे.
तीन मजले अजून चढते, पिशवीसकट.
किणीबाईंनी नुसतं विचारलं, "दळण आणलंस का गं?"
उत्तर द्यायला मान वळवली
आणि पेव्हर ब्लॉक जिथे संपतात तिथे
पायाला जमीन सापडली नाही.
दळण आणलं होतं. सांगायचं राहिलं.
मनगटाला सहा आठवडे प्लॅस्टर.

"बोलताना चालणं विसरता तुम्ही," झैनब म्हणाली.
मला हसूच आलं.
पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली मी,
एका कानात अमळनेर, दुसऱ्यात सुपरवायझर,
उजव्या हातात दोरी, डाव्यात पेन्सिल,
आणि तरी मांडीवर पुतण्याचा स्वेटर वाढत होता.
पण तेव्हा मी बसलेली असायची.
हे खरं.

माझ्या आधी मस्कारेन्हस. भाज्यांची नावं घेत चालतात.
भेंडी, पडवळ, दोडका.
दोडक्याला तोंड वाकडं होतं, पाऊल नाही.

मग मी.
शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी,
एवढी तर आईसुद्धा नव्हती, गेली तेव्हा.
एकोणऐंशी. पेला डुचमळतो.
बहात्तर, हे माझंच.
पासष्ट. मुलगी म्हणाली, पुण्याला ये. नाही गेले.
अठ्ठावन्न. नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
अठ्ठावन्नातून सात.
हातचा नाही, शेजारच्या घरातून उसनं नाही,
पहिलीतलं पोर सांगेल.
आणि पाय थांबतात.

झैनब वहीत लिहिते: आठवं पाऊल.
पुढच्या मंगळवारी तेच. शुक्रवारी तेच.
"एक्कावन्न अवघड जातंय का? तीन तीन वजा करूया?"
नको म्हणाले.
एक्कावन्नाव्या वर्षी सायन हॉस्पिटलचा जिना
मी एकटीने उतरले होते,
हातात त्याचा चष्मा आणि न उघडलेला डबा,
आणि पायऱ्या मोजत होते मोठ्याने
पडू नये म्हणून.
हे तिच्या वहीत कुठल्या रकान्यात बसलं असतं?

सहाव्या आठवड्यात, कसं कोण जाणे,
खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता,
मी एक्कावन्न म्हणाले
आणि पाऊल पुढे पडलं.
चव्वेचाळीस.
आणि तिथे तो होता.
लुंगीत, रेडिओ उघडून बसलेला, स्क्रू ओठांत धरून,
माझ्या प्रत्येक प्रश्नाला नुसतं "हं".
सदतीस, त्याचे केस अजून दाट.
तीस, मुलगी कडेवर, दुधाचं भांडं उतू.
तेवीस. हेडफोनखाली अंबाडा काही केल्या बसेना,
आणि तो तर अजून शहरातच आलेला नाही.
सोळा.
नऊ, गुडघा फुटलेला.
दोन.
खिडकी आली.

दोन वर्षांची होते तेव्हा बहुधा
मला एकच काम होतं,
आणि समोर कुणीतरी हात पसरून उभं.
झैनब तशीच उभी आहे आत्ता, बोटांत पेन अडकलेलं.
तिला वाटतंय मी पडेन.

"दोनातून सात जात नाहीत गं," मी म्हणते.
"मग वळा," ती म्हणते. "पाणी सांभाळा."