खांद्यापर्यंतची उंची

मेरी वेदरच्या मैदानावर, रिंगच्या दोरीला टेकून
मी मापं घेत होते.
खांद्यापर्यंत अठ्ठावीस इंच. दात कात्रीसारखे जुळलेले.
शेपूट विळ्यासारखी, टोकाशी वळलेली.
नाव : रॉयल थंडर ऑफ पंचगंगा.
घरी त्याला बाळ्या म्हणतात.

घाटगे वहिनींनी ओल्या फडक्यानं पंजे पुसून दिले.
गाद्या बोटाला लागल्या,
मळून झाकून ठेवलेल्या कणकेसारख्या.
तीन पिढ्यांचा कागद, शिक्क्यासकट.
पणजीच्या रकान्यात : साळू, व्हन्नूर.
पुढं नुसत्या रेघा.

साळू आमची.
तिची दोन पिल्लं बाबांनी एकाच दिवशी दिली.
एक जीपमधून ताराबाई पार्कात गेलं,
एक घोंगड्याच्या खोळीतून मेंढरांमागं.
जीपवाल्यानं रोख दिले,
घोंगडंवाल्यानं कोकरू, लंगडं.

पुढच्या रविवारी पट्टी पर्समध्येच होती.
माळावर मायाप्पा रानग्यांच्या वाडग्याशी
मुरकी उठलीसुद्धा नाही.
एक डोळा उघडला, मला मोजलं, मिटला.

"कागद न्हाई. पर सांगतो की," मायाप्पा म्हणाले.
"हिची आय चिमी. चिमीची आय,
ती, जिचा कान लांडग्यानं नेला.
तिची आय तुमच्या बाची साळू.
बापांचं इचारू नगा,
रातच्या गोष्टी, कुणी बघितल्यात."

साडेचोवीस इंच भरली.
खालचा एक दात नाही. फासळ्यांवर शिवण,
दाभणानं पोतं शिवावं तशी.
पंजा पालथा केला, तर पायताणाचा तळ,
आत बाभळीचा काटा, कधीचा, काळा पडलेला.
काढू गेले तर पाय ओढून घेतला.
तो तिचाच झाला होता आता.

"शोला आणाल का हिला?" मी विचारलं. उगाच.
"तितं काय असतंय?"
"माणसं येतात. बघायला."
"हिला बघाय लांडगा येतोय न्हवं,"
त्यांनी तंबाखू झटकली, "तेवढा बास."

रात्री वही उघडली. दोन्ही मापं लिहिली,
एकाच पानावर, मध्ये जागा सोडून.
साळूची उंची कुठंच नाही.
आठवायला गेले की हात आपोआप छातीशी जातो,
तिथवर यायचं तिचं डोकं.
पण मी तेव्हा सात वर्षांची होते,
आणि वाढत होते.